नॉर्थ बीचचं सेंट्स पीटर अँड पॉल चर्च: बाहेरून फोटो काढून निघू नका, आत जाऊन बसा

टेलिग्राफहिल:

सॅन फ्रान्सिस्को फिरायला आलेले आपले लोक गोल्डन गेट, लोंबार्ड स्ट्रीट, फिशरमन्स वॉर्फ असं सगळं एका दमात उरकतात आणि मधे भूक लागली की नॉर्थ बीचला पिझ्झा नाहीतर पास्ता खायला थांबतात, त्यामुळे वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कसमोरचं ते दोन उंच मनोऱ्यांचं पांढरं चर्च बहुतेकांच्या फोनमधे असतंच. पण आत गेलेलं कुणी फारसं भेटत नाही. गेलेले असले तरी दारातून डोकावायचं, मान वर करून छत बघायचं, "छान आहे हं" म्हणायचं आणि परत. माझ्याकडे पाहुणे आले की मी मुद्दाम त्यांना इथे नेते आणि आत बसवते, कारण बाहेरून आलेल्या माणसांनी या देशात पाय कसे रोवले हे समजून घ्यायचं असेल तर या शहरात यापेक्षा चांगली जागा नाही असं माझं ठाम मत आहे. आपणही बाहेरूनच आलोय, म्हणून हा धागा.

आधी थोडा इतिहास सांगते. १८४९च्या सोन्याच्या झुंबडीत थोडे इटालियन आले होतेच पण खरा ओघ लागला तो पुढच्या दशकांत. आधी जेनोआकडचे, लुक्काचे, पिडमाँटचे आले आणि मग सिसिलीचे कोळी. भाजीचे मळे, भाजी विकणं, कचरा उचलणं, मासेमारी अशी कामं करायचे आणि टेलिग्राफ हिलच्या उतारावर दाटीवाटीने राहायचे. सगळे कॅथलिक, पण तेव्हा अमेरिकेतलं कॅथलिक चर्च मुख्यतः आयरिश लोकांच्या हातात होतं, प्रवचन इंग्रजीत, कन्फेशनही इंग्रजीत. ज्या बाईला इंग्रजीत बटाटे विकत घेता येत नाहीत तिने मनातलं पाप इंग्रजीत कसं सांगायचं? म्हणून त्या काळात एकेका भाषेच्या लोकांसाठी वेगळे पॅरिश (म्हणजे एकेक चर्च आणि त्याला जोडलेले भाविक) निघाले, त्यांना नॅशनल पॅरिश म्हणायचे, आणि १८८४ मधे इटालियन लोकांसाठी हा पॅरिश निघाला. पहिलं चर्च जवळच, फिल्बर्ट आणि ग्रँटच्या कोपऱ्यावर होतं. १८९७ला ते सेलेशियन फादरांकडे आलं. सेलेशियन म्हणजे तुरीनच्या डॉन बॉस्कोंनी स्थापन केलेला संघ, गरीब पोरांना शिक्षण आणि हाताला काम देणं हेच त्यांचं मुख्य काम.

मग १८ एप्रिल १९०६. भूकंप झाला आणि त्याहून वाईट म्हणजे त्यानंतरची आग, ती तीन दिवस चालली. चर्च गेलं, नॉर्थ बीच जवळजवळ सगळं जळालं, समोरच्या पार्कात लोक तंबू टाकून राहिले. टेलिग्राफ हिलवरच्या लोकांनी पिंपातल्या वाइनमधे पोती भिजवून घरं वाचवली ही गोष्ट इथले जुने लोक अजून सांगतात. आमादेओ जियानिनीने १९०४ला याच भागात बँक ऑफ इटली काढली होती, मोठ्या बँका ज्यांना उभं करत नव्हत्या अशा भाजीवाल्या-कोळ्यांना कर्ज द्यायला. आगीनंतर त्याने बंदराच्या धक्क्यावर दोन पिंपांवर फळी टाकून कर्ज वाटायला सुरुवात केली. तीच बँक पुढे बँक ऑफ अमेरिका झाली, आपल्यातल्या कितीजणांचा पगार तिच्यात जमा होतो ते बघा. नॉर्थ बीच शहरात सगळ्यात आधी पुन्हा उभ्या राहिलेल्या भागांपैकी एक. आत्ताचं चर्च मात्र लोकांच्या वर्गणीतून हळूहळू बांधलं गेलं आणि १९२४च्या मार्चमधे त्याचं उद्घाटन झालं. मनोरे १९१ फूट उंच आहेत. दिग्दर्शक सेसिल डिमिलच्या १९२३च्या एका मूकपटात हे चर्च बांधकाम चालू असताना दिसतं.

दर्शनी भागावर दारांच्या वर एक लांबलचक इटालियन ओळ आहे, ती बघितल्याशिवाय आत जाऊ नका. जुना इटालियन कवी दान्ते, त्याच्या स्वर्गावरच्या काव्याची, 'पॅराडिझो'ची सुरुवात आहे ती, सगळ्याला गती देणाऱ्याचं तेज विश्वात भरून राहिलंय अशा अर्थाची. आत गेलात की समोर संगमरवरी मुख्य वेदी, एखादं छोटं कॅथेड्रलच कुणीतरी आत आणून ठेवलंय असं वाटावं इतके कळस आणि कमानी, आणि तिच्यावर लिओनार्डोच्या 'लास्ट सपर'वरून कोरलेला देखावा. लांबून तो नुसता पट्टा दिसतो. मास (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) चालू नसेल तर मधल्या वाटेने पुढे जाऊन बघा, प्रत्येक शिष्याचे हात वेगळे आहेत.

पण मी बसा म्हणतेय ते वेदीसाठी नाही, माणसांसाठी. इथे रविवारी इंग्रजी, इटालियन आणि कँटनीज अशा तीन भाषांत मास होते. चायनाटाउन अगदी लागून आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर इटालियन कुटुंबं मरीना डिस्ट्रिक्टला, गोल्डन गेटपलीकडे मरीन काउंटीत, सबर्बमधे गेली आणि आशियाई लोकांना दार उघडणारा १९६५चा इमिग्रेशन कायदा आल्यावर चिनी कुटुंबं कोलंबस अव्हेन्यू ओलांडून इकडे राहायला आली. एका भाषेची मास संपून दुसऱ्या भाषेची सुरू व्हायच्या मधला वेळ मला सगळ्यात आवडतो. बाकांवरची भजनांची पानं बदलली जातात, चिनी आजी मेणबत्ती लावून बाजूला होतात, त्याच स्टँडवर काळा कोट घातलेले इटालियन आजोबा आपली मेणबत्ती लावतात, थरथरत्या हाताने वात पेटेना तर मागची चिनी मुलगी पुढे होऊन लावून देते. हे मी स्वतः बघितलंय. इटालियन लोकांनी स्वतःच्या भाषेत प्रार्थना करता यावी म्हणून जे उभं केलं ते त्यांच्यानंतर आलेल्यांना त्यांच्या भाषेत प्रार्थना करायला दिलं, मला यापेक्षा मोठं काही वाटत नाही.

कुणी गेलं असेल तर अनुभव लिहा. काही विचारायचं असेल तर तेही विचारा.

दादरतेडब्लिन:

मस्त लिहिलंय. आम्ही डब्लिनला (आपलं कॅलिफोर्नियातलं) राहून इतकी वर्षं झाली आणि हे चर्च फक्त मर्लिन मन्रोचं लग्न झालेलं चर्च म्हणून माहीत होतं, टूरवाल्या बसमधे तसंच सांगतात. तिचा नवरा, बेसबॉलपटू जो डिमॅजिओ, इथलाच ना? बेसबॉलबद्दल मला फार कळत नाही पण मुलगा खेळतो म्हणून विचारतोय.

टेलिग्राफहिल:

डिमॅजिओ इथलाच. जन्म मार्टिनेझचा, १९१४चा, पण वाढला नॉर्थ बीचमधे. वडील जुझेप्पे सिसिलीतल्या इसोला देल्ले फेम्मिने नावाच्या गावचे कोळी, इथे फिशरमन्स वॉर्फला त्यांची होडी होती. जोला मासळीचा वास सहन व्हायचा नाही म्हणून तो होडीवर जायला टाळायचा आणि मैदानावर सापडायचा. जवळच्या मैदानाला आज त्याचंच नाव आहे, मुलाला तिकडे नक्की न्या. त्याचे भाऊ व्हिन्स आणि डॉमिनिक हेही मेजर लीगमधे खेळले, एका कोळ्याच्या घरातून तिघं.

लग्नाचं म्हणाल तर त्याचं पहिलं लग्न, डोरोथी आर्नल्डशी, १९३९च्या नोव्हेंबरमधे याच चर्चमधे झालं, आणि बाहेर इतकी गर्दी लोटली की रस्ते बंद झाले होते. मर्लिनशी लग्न जानेवारी १९५४चं, ते सिटी हॉलमधे झालं. पहिला घटस्फोट झालेला, त्यामुळे चर्चमधे दुसरं लग्न लागणं शक्य नव्हतं. आणि १९९९च्या मार्चमधे त्याचे अंत्यसंस्कार याच चर्चमधून झाले. म्हणजे न्यूयॉर्कमधे एवढं नाव कमावून शेवटी माणूस आपल्या पॅरिशला परत आला.

पाचूबंदर:

हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. मी वसईचा, पाचूबंदरचा, कोळी ख्रिस्ती. आमच्या घरात मिस्सा (म्हणजे मास) मराठीत, गाऱ्हाणी मराठीत, लग्नातली गाणी आमच्या कोळी बोलीत. इकडे फ्रीमाँटला आलो तेव्हा पहिल्या रविवारी चर्चला गेलो आणि मिस्सा समजली सगळी, पण जिभेवर उत्तरं मराठीतच येत होती. तुम्ही जे लिहिलंय ना, मनातलं पाप दुसऱ्याच्या भाषेत कसं सांगायचं, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

या चर्चला मी पहिल्यांदा गेलो तो संत पेत्राच्या नावामुळे. पेत्र स्वतः कोळी, त्यामुळे जगात कुठेही दर्यावर पोट असलेले ख्रिस्ती लोक त्याला आपल्यातलाच मानतात. गोव्यात २९ जूनला पेत्र-पौलाच्या सणाला कोळी लोक होड्या एकमेकींना बांधून सांगोड करतात, त्यावर गाणी-नाटकं होतात, ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत असेल. आमच्याकडे मासेमारीचा मोसम सुरू होताना फादर किनाऱ्यावर येऊन होड्यांना आशीर्वाद देतात. आणि नॉर्थ बीचला काय आहे माहितीये का, ऑक्टोबरमधे मादोन्ना देल लुमेची मिरवणूक. सिसिलीच्या पोर्तिचेल्लो गावच्या कोळ्यांची ही माता. तिची तसबीर या चर्चमधून निघते, बँड वाजतो, छोट्या मुली पांढऱ्या झग्यात, आणि चालत चालत सगळे फिशरमन्स वॉर्फला जातात. तिथे होड्यांना आशीर्वाद, आणि समुद्रात गेलेल्यांसाठी प्रार्थना. मी त्या गर्दीत उभा होतो आणि मला कुणीच परकं वाटत नव्हतं. माझे आजोबा वादळात गेले, त्यांचं नाव मी तिथे मनात घेतलं.

सातारकर_आई:

टेलिग्राफहिल, लेख वाचून आवडला. माझे सासू-सासरे उन्हाळ्यात येणार आहेत, दोघंही देवभोळे, सासूबाईंना कुठल्याही देवाच्या दारात गेलं की बरं वाटतं. काही साधे प्रश्न आहेत, हसू नका. आपण हिंदू, मास चालू असताना आत बसलं तर चालतं का? चपला बाहेर काढायच्या का? फुलं न्यायची का? आणि ते प्रसादासारखं देतात ते घ्यायचं की नाही, कारण सासूबाई प्रसादाला नाही म्हणणार नाहीत.

पाचूबंदर:

सातारकर ताई, हसायचं काय त्यात, हे प्रश्न सगळ्यांना पडतात पण कुणी विचारत नाही. मी सांगतो.

आत येऊन बसायला कुणालाही बंदी नाही, मिस्सा चालू असतानाही. शक्यतो मागच्या बाकांवर बसा म्हणजे पुढचे लोक उभे राहिले की आपण उभं राहायचं, बसले की बसायचं, सोपं जातं. ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांनी बसून राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही. गुडघे टेकायची सक्ती नाही. बाकाखाली पॅड लावलेली फळी असते ती गुडघे टेकायची, तिच्यावर पाय ठेवू नका एवढं सासूबाईंना आधी सांगून ठेवा, पाय ठेवायची पट्टी समजून बरेच जण ठेवतात. चपला काढायच्या नाहीत. टोपी पुरुषांनी काढायची. खांदे झाकलेले असले तर बरं, साडी नेसून आल्या तर उत्तमच.

दाराशी पवित्र पाण्याचं भांडं असतं, लोक बोट बुडवून क्रूसाची खूण करतात. तुम्ही नाही केलं तरी चालतं. हार-फुलं न्यायची पद्धत इथे नाही. मेणबत्ती मात्र कुणीही लावू शकतं, शेजारी दानपेटी असते तिच्यात यथाशक्ती पैसे टाकायचे आणि ज्या संतासमोर मन ओढलं जाईल तिथे लावायची. सासूबाईंना हे आवडेल बघा.

आता प्रसादाचं. कम्युनियनला रांग लागते तेव्हा फादर जो पवित्र पाव देतात तो आमच्यासाठी साक्षात प्रभूचं शरीर आहे, आणि तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि त्याची तयारी केलेल्या कॅथलिक माणसानेच घ्यायचा असतो. आमच्या पोरांना पण पहिला कम्युनियन होईपर्यंत मिळत नाही. म्हणून तो घेऊ नये. पण रांगेत जायचंच असेल तर दोन्ही हात छातीवर क्रूससारखे दुमडून पुढे जायचं, फादर समजतात आणि डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. त्याआधी सगळे एकमेकांना शांती देतात, शेजारच्यांशी हात मिळवतात नाहीतर मान लववतात, तेव्हा नमस्कार केला तरी समोरचा हसून नमस्कार करतो. मी कितीदा बघितलंय.

सातारकर_आई:

पाचूबंदर भाऊ, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. हे सगळं मराठीत सांगणारं कुणीतरी आहे हेच किती बरं वाटतंय.

इतिहासाच्या_मागे:

टेलिग्राफहिलने एक मोठी गोष्ट सांगितली नाही. १९२६ आणि १९२७ मधे या चर्चवर पाच वेळा डायनामाइटने हल्ले झाले. शेवटच्या वेळी, मार्च १९२७मधे, पोलीस दबा धरून बसले होते, वात पेटवताना दोघांना पकडलं, गोळीबारात एक मेला आणि दुसरा गंभीर जखमी झाला. हे सांगायचं कारण असं की इटालियन वस्ती म्हणजे सगळे एकजात भाविक असं चित्र डोळ्यासमोर येतं ते खरं नाही. इटलीहून येणाऱ्यांत कट्टर धर्मविरोधी लोक, कुठलीच राजसत्ता नको म्हणणारे अनार्किस्ट, कामगार चळवळीतले लोक भरपूर होते, पोपची सत्ता आणि जमीनदार यांच्याविरुद्धचा राग ते बरोबर घेऊन आले होते. याच १९२७च्या ऑगस्टमधे बोस्टनला सॅको आणि व्हान्झेटी या दोन इटालियन अनार्किस्टांना फाशी नव्हे, विजेच्या खुर्चीत मारलं, म्हणजे केवढं तापलेलं वातावरण होतं बघा. एकाच गल्लीत एक भाऊ चर्चचा, दुसरा चर्च उडवायला निघालेल्यांचं छापील पत्रक वाचणारा अशी ती वस्ती होती.

आणि दुसरं, डिमॅजिओच्या वडिलांचा विषय निघालाच आहे तर. १९४२ला इटली शत्रूराष्ट्र झालं होतं, आणि अमेरिकेत राहणारे पण नागरिकत्व न घेतलेले सुमारे ६ लाख इटालियन 'शत्रू परकीय' ठरले. फोटो आणि बोटांचे ठसे असलेलं कार्ड जवळ बाळगायचं, रेडिओ-कॅमेरे जमा करायचे, ठरावीक भागात जायचं नाही. जुझेप्पे डिमॅजिओ त्यातलेच. आदल्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाने सलग ५६ सामन्यांत हिट मारून सगळ्या देशाला वेड लावलं होतं, आणि बापाला फिशरमन्स वॉर्फवर पाऊल टाकायला बंदी. ज्या पाण्यावर आयुष्य काढलं तिथे जायचं नाही. हे निर्बंध १९४२च्या कोलंबस डेला, १२ ऑक्टोबरला, उठले. जपानी लोकांना जे भोगावं लागलं त्याच्या तुलनेत हे फार कमी, त्यांना तर छावण्यांत डांबलं, पण वॉर्फवर फिरताना मला हे आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्यापैकी जे ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत त्यांना कागदावरची ओळख काय करू शकते ते वेगळं सांगायला नको.

टेलिग्राफहिल:

इतिहासाच्या_मागे, बरं झालं लिहिलंत. बॉम्बचं मला माहीत होतं, पण वस्तीतले दोन तट तुम्ही फार नीट मांडलेत.

मॅटिनीशो:

मी माटुंग्याच्या डॉन बॉस्कोचा. सेलेशियन वाचून एकदम कान टवकारले. शाळेशेजारचं मॅडोनाचं श्राइन आमच्या रोजच्या वाटेवरचं, परीक्षेच्या आधी हिंदू, जैन, पारशी, सगळी पोरं आत जाऊन हात जोडून यायची. मागच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोला कामानिमित्त आलो होतो तेव्हा सहज या चर्चमधे शिरलो आणि बाजूच्या कोनाड्यात डॉन बॉस्को, मुलांबरोबरचा तोच ओळखीचा पुतळा! तेव्हा मला दोन्हींचा संबंध माहीतच नव्हता, आता तुमच्या लेखातून कळला. तुरीनचा एक फादर, १८१५ला शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला, रस्त्यावरच्या पोरांना गोळा करून शिकवायला लागतो आणि त्याच्या माणसांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या कोळ्यांच्या आणि माटुंग्याच्या आमच्या पोरांना दोघांनाही मैदान आणि शाळा दिली. नॉर्थ बीचलाही त्यांचा बॉइज क्लब आहे, १९२१ पासूनचा, चर्चला लागूनच. आमच्याकडे फुटबॉल, त्यांच्याकडे बास्केटबॉल, पद्धत तीच. पोरांना आधी खेळायला बोलवायचं, मग बाकी सगळं.

जर्सीकर:

पूर्वेकडचं पण लिहितो, कारण नॉर्थ बीचच्या लोकांना निदान स्वतःचं चर्च लवकर मिळालं. न्यूयॉर्कला ईस्ट हार्लेममधे ११५व्या रस्त्यावर माउंट कार्मेल मातेचं चर्च आहे, १८८४चं. पैसे आणि अंगमेहनत इटालियन लोकांची, रात्री काम करून आलेले मजूर विटा वाहायचे, आणि चर्च झाल्यावर इटालियन लोकांची मास कुठे, तर तळघरात. वर बाकीचे. १९१९ पर्यंत माता तळघरातच होती. हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात तुटलं. १६ जुलैच्या सणाला बायका अनवाणी चालत यायच्या, आपल्याएवढ्या उंच मेणबत्त्या खांद्यावर घेऊन, आणि जो अवयव बरा झाला त्याचा मेणाचा आकार वाहायच्या. इटालियन लोक तिथून कधीच गेलेत, आता त्या सणाला हैतीहून आलेले लोक गर्दी करतात, मातेची गाणी त्यांच्या क्रेओल भाषेत म्हणतात. म्हणजे टेलिग्राफहिलने कँटनीज मासबद्दल जे लिहिलंय तेच इथेही.

आणि ज्यांना जल्लोष बघायचाय त्यांनी ब्रुकलिनला विल्यम्सबर्गमधे जुलैत जिल्यो बघावा. इटलीतल्या नोला गावच्या लोकांनी १९०३ पासून तो चालवलाय. सुमारे ८० फूट उंच मनोरा, वर संत पाओलिनो, खाली चौथऱ्यावर अख्खा बँड बसलेला, आणि शंभराहून जास्त माणसं ते सगळं खांद्यावर उचलून कापोच्या, म्हणजे म्होरक्याच्या, हुकमावर नाचवतात. आपल्याकडे पालखीला खांदा देण्यासाठी जशी धडपड असते अगदी तशी, वडिलांची जागा मुलाला मिळते, आणि खांद्यावरचा घट्टा लोक अभिमानाने दाखवतात.

पाचूबंदर:

मेणाचे अवयव आपल्याकडे वांद्र्याला माउंट मेरीला वाहतात, सप्टेंबरच्या जत्रेत बाहेर स्टॉलवर मेणाचे हात, पाय, बाळं, घरं सगळं मिळतं, आणि घेणाऱ्यांत अर्धे तरी ख्रिस्ती नसतात. तळघराचं वाचून वाईट वाटलं.

लक्ष्मीरोड:

बोस्टनला जाणाऱ्यांसाठी एक ओळ: नॉर्थ एंडमधे सेंट लिओनार्ड चर्च, पॅरिश १८७३चा, इटालियन लोकांनी उभारलेल्या इथल्या सगळ्यात जुन्या पॅरिशपैकी एक. फ्रीडम ट्रेलवर चालताना हॅनोव्हर स्ट्रीटला लागतं, बाजूला छोटीशी बाग आहे, पाय दुखले की बसायला छान.

टेलिग्राफहिल, एक खुसपट नाही पण मनात आलेली गोष्ट. चर्चवर दान्ते असणं मला फार भावलं. विद्वानांची लॅटिन बाजूला ठेवून त्याने लोकांच्या बोलीत स्वर्ग सांगितला, तेही साधारण आपल्या ज्ञानोबा माउलींनी नेवाशाला मराठीत गीता सांगितली त्याच्या थोड्याच वर्षांनंतर. ज्या पॅरिशचा जन्मच आपल्या भाषेत देवाशी बोलता यावं म्हणून झाला त्याच्या कपाळावर दुसरं कुणाचं काय शोभलं असतं?

टेलिग्राफहिल:

लक्ष्मीरोड, अगदी मनातलं बोललात. आता पुढच्या वेळी पाहुण्यांना त्या ओळीखाली उभं करून माउलींचंही सांगणार.

दादरतेडब्लिन:

आम्ही या शनिवारी जायचं म्हणतोय. पार्किंगचं काय? आणि मुलगा उपाशी राहत नाही, जवळ खायला काय ते पण सांगा. अजून एक, पत्ता खरंच ६६६ फिल्बर्ट आहे का? मुलाने गूगलवर बघितलं आणि हट्टच धरलाय बाहेर नंबरसोबत फोटो काढायचा.

टेलिग्राफहिल:

पत्ता खराच तोच आहे, पॅरिशच्या लोकांना त्याचं काही वाटत नाही, फोटो खुशाल काढा.

गाडी आणू नका, नॉर्थ बीचला पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जाईल. डब्लिनहून बार्ट ट्रेनने येऊन पॉवेलला उतरा, तिथून युनियन स्क्वेअरहून नवी मेट्रो चायनाटाउन-रोझ पॅक स्टेशनपर्यंत जाते, पुढे स्टॉकटन स्ट्रीटने चालत या. बसच हवी असेल तर ३० नाहीतर ४५ नंबरची. मी म्हणेन चालाच, कारण चायनाटाउनच्या भाजीबाजारातून निघून कोलंबस अव्हेन्यू ओलांडला की पाट्यांची भाषा बदलते, ते पायी गेल्याशिवाय कळत नाही. वाटेत व्हॅलेहो स्ट्रीटला सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं श्राइन लागतं, १८४९ला सुरू झालेला पॅरिश, म्हणजे सोन्याच्या शोधात आलेल्यांचा, तिथे असिसीच्या पोर्झिउन्कोला चॅपलची प्रतिकृती आहे. दहा मिनिटं द्या.

खायला म्हणाल तर चर्चच्या चौकातच, स्टॉकटन आणि फिल्बर्टच्या कोपऱ्यावर लिगुरिया बेकरी, १९११ पासूनची. फक्त फोकाचा (चपटा इटालियन पाव) मिळतो, कांद्याचा किंवा टोमॅटो-पातीचा घ्या, पांढऱ्या कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधून देतात. माल संपला की दार बंद करतात म्हणून सकाळी लवकर पोचा आणि आधी तेच घ्या. पार्कात बसून खा, तिथे सकाळी चिनी आजी-आजोबा ताई ची करत असतात. पार्कचं नाव वॉशिंग्टन असलं तरी मधला पुतळा बेंजामिन फ्रँकलिनचा आहे, मुलाला विचारा कोण ते. मग चर्च, मग जमलं तर ३९ नंबरच्या बसने कॉइट टॉवर.

फक्त शनिवारी दुपारी बऱ्याचदा लग्नं असतात, तेव्हा आत फिरता येत नाही, म्हणून सकाळीच जा. जमलं तर रविवार करा.

दादरतेडब्लिन:

रविवारच करतो मग. सातारकर ताई, तुमच्या सासू-सासऱ्यांना घेऊन याल तेव्हा कळवा, आम्हीही येतो.

सातारकर_आई:

नक्की कळवते. ते जूनमधे येतायत आणि नोव्हेंबरपर्यंत आहेत, म्हणजे ऑक्टोबरची ती मिरवणूक पण मिळेल. पाचूबंदर भाऊ, तुम्ही असणार ना?

पाचूबंदर:

असणारच. तारीख पॅरिशच्या वेबसाइटवर लागली की इथेच टाकतो. चर्चपासून वॉर्फपर्यंत चालायचंय, उतार आहे, त्यामुळे सासूबाईंना बूट घालायला सांगा आणि दुपारचा गार वारा सुटतो त्यासाठी स्वेटर घ्या. येताना त्यांना चालायचं नसेल तर बस आहे.